हृदयातील दोन तीरांमधील वाट

हृदयाला चार कप्पे असतात, वरचे दोन अलिंद आणि खालचे दोन निलय, हे आपण सर्वजण शाळेत शिकलो. उजव्या अलिंदाचा संदेश डाव्या अलिंदास उशिरा मिळाला तर काय घडते, हे येथे समजून घेऊ.

प्रत्येक ठोक्याची विद्युत्-चेतना उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात उगम पावते. तेथून ती डाव्या अलिंदाकडे मुख्यतः स्नायुतंतूंच्या एका जुडग्यातून जाते. १९१६ साली जीन जॉर्ज बाखमन यांनी त्याचे वर्णन केले, म्हणून त्यास बाखमनचा जुडगा म्हणतात.

मोरा बंदराच्या रहिवाशांस हे सहज उमगेल. भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटली की माणूस थेट मोऱ्याला उतरतो. समुद्र खवळून लाँच बंद झाली, तर त्याला रस्त्याने वळसा घालावा लागतो. तो पोहोचतो, परंतु उशिरा. हृदयातही ही वाट मंदावली की विलंब होतो. ती पूर्ण अडली, तर चेतना खालून वळसा घेऊन डाव्या अलिंदात तळाकडून वर चढते.

हा विलंब साध्या ईसीजीत दिसतो. कागद सेकंदास २५ मिलिमीटर सरकतो, म्हणून एक लहान चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. अलिंदांची नोंद दाखविणारा ‘पी’ तरंग तीन लहान चौकोन, म्हणजे १२० मिलिसेकंद, किंवा त्याहून रुंद असल्यास डॉक्टरांस या विलंबाची शंका येते.

रुग्णास बहुधा काहीच जाणवत नाही, आणि धोका नेमका येथेच आहे. अशा हृदयात पुढे अलिंदांची अनियमित थरथर सुरू होण्याचा संभव वाढतो. त्या थरथरीत रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. बार्सेलोनाचे बायेस दे लुना यांनी या अडथळ्याचा अलिंदांच्या अनियमित गतीशी असलेला संबंध दाखवून दिला.

विलंब दिसला म्हणजे आजार जडलाच, असे नव्हे. रक्त पातळ करणारे औषध स्वतःहून कोणी घेऊ नये. तो निर्णय डॉक्टरांचाच. मात्र घरातील वडीलधाऱ्यांचा रक्तदाब नियमित तपासावा, जुने ईसीजी जपून ठेवावेत आणि मनगटावरील नाडी मोजण्यास मुलांना शिकवावे. नाडी अनियमित लागल्यास दवाखान्यात जावे. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला वा बोलणे अडखळले, तर क्षणही न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.