चार स्पेसचा स्टाफ

प्रश्न : स्टाफ नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्पेस’ हे माप नेमके किती मिलिमीटरचे? ‘सिस्टिम’ आणि ‘स्टाफ’ एकच का?

उत्तर : ठरावीक आकडा नाही, आणि तीच या मापाची खुबी आहे. स्टाफच्या लगतच्या दोन रेषांमधले अंतर म्हणजे एक स्पेस. रेषा पाच, म्हणून स्टाफची उंची चार स्पेस. लिलीपाँड या सॉफ्टवेअरमध्ये स्टाफ मुळात 20 पॉइंटांचा, म्हणजे सुमारे 7 मिलिमीटर उंच असतो. तिथे एक स्पेस पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास भरते. स्टाफ लहान केला की स्वरचिन्हे, त्यांच्या दांड्या, मधली मोकळी जागा, सारे त्याच प्रमाणात आक्रसते. स्टाइनबर्ग या कंपनीने 2013 मध्ये मांडलेल्या ‘स्मफल’ या फाँट-मानकातही चिन्हांचा आकार चार स्पेसवरच बेतलेला आहे.

सिस्टिम वेगळी. एकाच वेळी वाजणारे सगळे स्टाफ मिळून एक सिस्टिम होते : पियानोचे दोन, स्ट्रिंग क्वार्टेटचे चार. त्यामुळे ‘सिस्टिम ब्रेक’ दिला की एकट्या व्हायोलिनची नव्हे, चारही वाद्यांची ओळ तिथे तुटते.

नवखे इथेच फसतात. पान भरगच्च दिसले की ब्रेक देत सुटतात! आधी स्टाफचा आकार बदलून पाहावा. पेज ब्रेक मात्र जमल्यास विरामापाशीच द्यावा. पान उलटायला वादकाचा हात मोकळा हवा.