सातबारा भक्कम, खिसा रिकामा

लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीकडे पाच एकर बांध्यांचा धनी जुलैत रोवणीच्या मजुरीसाठी उसने मागतो, याचे कुणाला नवल वाटत नाही. जमीन लाखोंची, पण पैसा धान विकल्यावर एकदा येतो आणि खर्च बाराही महिने चालतो.

काय करावे

– चुकारा खात्यात आला की त्याच आठवड्यात वर्षाचे वाटे पाडा. 2025-26 च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये. म्हणजे 40 क्विंटलचे 94,760. रक्कम मोठी वाटते, पण बारा महिन्यांत वाटली तर महिन्याला आठ हजारही पडत नाहीत, आणि त्यातूनच बियाणे, खत, मजुरी काढायची आहे. पुढच्या रोवणीचा पैसा सर्वांत आधी वेगळ्या खात्यात टाका. उरेल ते घरखर्चाला.

– पीककर्ज मुदतीत फेडा. वेळेवर फेडणाऱ्याला राज्यात तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज बिनव्याजी पडते. इतका स्वस्त पैसा दुसरीकडे कुठे मिळत नाही.

– ई-पीक पाहणी चुकवू नका. ती नसेल तर आधारभूत केंद्रावरची नोंदणी अडते, मग व्यापारी म्हणेल तो भाव.

– नवीन काही घ्यायचेच तर दर आठवड्या-पंधरवड्याला पैसा देणारे घ्या. दुभत्या म्हशीचे दूध रोज विकले जाते. रिकामा प्लॉट विकेपर्यंत दमडी देत नाही.

– पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून वर्षाला 12 हजार होतात. ते वीजबिल आणि शाळेच्या फीसाठी राखा.

काय टाळावे

– हाती पैसा खेळतो म्हणून लागूनची बांधी लगेच घेऊ नका. रजिस्ट्री झाली आणि रोवणीला पैसे उरले नाहीत, तर नवे शेतही पडीक आणि जुनेही अडचणीत.

– ट्रॅक्टरचा मासिक हप्ता मान्य करू नका. सहामाही किंवा वार्षिक हप्ता मागा. आणि पाच एकरांना स्वतःचा ट्रॅक्टर लागतोच का, हे आधी विचारा. माझ्या मते लागत नाही. भाड्याचा परवडतो.

– बोनस हिशेबात धरू नका. 2024-25 साठी हेक्टरी 20 हजार, दोन हेक्टरपर्यंत जाहीर झाला खरा. पण जाहीर झालेला पैसा दुकानदार घेत नाही.

– दिवाळीनंतरची मंडई आणि नाटक सोडा, असे झाडीपट्टीत सांगणारा मूर्ख ठरेल. त्या खर्चाचा वाटा मात्र आधी पाडा, उधारीवर पाहुणचार नको.

– किराणा, फी, औषध यांसाठी जमीन विकू नका. नड आलीच तर बँकेत सोने तारण ठेवा. सोने सोडवता येते. विकलेली बांधी शेजारी पुन्हा देत नाही.

– शेकडा पाच रुपये महिना म्हणजे वर्षाला साठ टक्के. महाराष्ट्र सावकारी अधिनियम 2014 खाली शेतकऱ्याच्या तारण कर्जावर परवानाधारक सावकाराला 9 टक्के आणि बिनतारण कर्जावर 12 टक्केच व्याज घेता येते. परवाना नसलेला कुणी जमिनीचा कागद मागत असेल, तर सही करू नका. तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार द्या.