कुत्र्याचें खाणें आणि कुत्र्याचें पोट

घरीं पाळलेला कुत्रा पुढ्यांत ठेवलेल्या भाकरीकडे पाठ फिरवितो आणि दुसऱ्याच क्षणीं बिस्किटासाठीं शेपटी हालवूं लागतो, असा अनुभव पुष्कळांस येतो. मग घरांतील मंडळी म्हणतात, "याचे फार लाड झाले, हा नखरेल झाला." कांहीं दिवसांनीं तोच कुत्रा ओसरीवर ओकतो, त्यास जुलाब होतात, व एकदोन दिवस तो मलूल पडून राहतो. नखरा ही एक तक्रार व पोटाचा विकार ही दुसरी, असें आपण समजतों. वस्तुतः या दोहोंचें मूळ पुष्कळदां एकच असतें, आणि तें कुत्र्याच्या स्वभावांत नसून आपल्या वागणुकींत असतें. मुक्या प्राण्यास आपलें दुखणें सांगतां येत नाहीं. म्हणून त्याच्या वतीनें नीट पाहण्याचें व विचार करण्याचें काम आपणांस करावें लागतें. विद्यार्थिमित्रहो, तें कसें करावें हेंच या पाठांत पाहावयाचें आहे.

१. कुत्र्याच्या पचनाची रचना

मोठ्या कुत्र्यास ४२ दांत असतात, आपणांस ३२. परंतु त्याचे दांत आपल्यासारखें अन्न बारीक दळण्यासाठीं नसून तोडण्यासाठीं आहेत. म्हणून कुत्रा घास चावीत बसत नाहीं. तो तोडतो आणि गिळतो. आपल्या लाळेंत पीठ पचविणारें द्रव्य असतें. कुत्र्याच्या लाळेंत तें जवळजवळ नसतेंच. पिठाचें पचन त्याच्या आंतड्यांत होतें.

तर मग भात-भाकरी हें त्याचें अन्नच नव्हे काय? तसें नाहीं. स्वीडनमधील उप्सला विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१३ सालीं लांडगे व कुत्रे यांच्या जनुकांची तुलना करून एक महत्त्वाची गोष्ट प्रसिद्ध केली. पीठ पचविणारें द्रव्य तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यांत दोनच प्रती आढळल्या. कुत्र्यांत मात्र त्या ४ पासून ३० पर्यंत होत्या. म्हणजे हजारों वर्षें माणसाच्या चुलीजवळ राहून, त्याचें उरलेंसुरलें खाऊन, कुत्र्याचें शरीरच बदललें. आपल्या भाकरीचा इतिहास कुत्र्याच्या रक्तांत लिहिला गेला आहे असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. अर्थात् नुसत्या भाकरीवर त्याचें भागत नाहीं. त्यास मांस, अंडीं यांसारखें पुरेसें पौष्टिक अन्नही लागतें.

आणखी एक भेद ध्यानांत ठेवावा. कुत्र्याच्या जिभेस आपल्याइतकी चव कळत नाहीं. त्याच्या रुचिकलिका सुमारें १,७०० असतात, तर आपल्या सुमारें ९,०००. उलट त्याचें नाक आपल्यापेक्षां कितीतरी तीक्ष्ण. तो अन्नाची निवड प्रथम नाकानें करतो. थंडगार, शिळा भात त्यास निर्जीव वाटतो. तोच भात कोमट करून दिला तर वास दरवळतो व तो खाऊं लागतो. ज्यास आपण नखरा म्हणतों, त्यांतील थोडा भाग एवढ्यानेंच नाहींसा होतो.

२. भूक हेंच पहिलें पाचक

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांस पचनक्रियेच्या संशोधनाबद्दल १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांनीं सेंट पीटर्सबर्ग येथें कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. एका प्रयोगांत कुत्र्यानें गिळलेलें अन्न गळ्याजवळ केलेल्या छिद्रांतून बाहेर पडत असे. पोटांत कांहींच पोंचत नसे. तरीही कांहीं मिनिटांतच जठरांत पाचक रस वाहूं लागे. उलट, कुत्र्याच्या नकळत पोटांत भाकर ठेवली, तर रस फारच थोडा सुटे. यावरून पावलॉव्ह यांनीं असें दाखवून दिलें कीं, खाण्याची इच्छा हीच पचनाचा आरंभ करणारी शक्ति होय. या ज्ञानासाठीं त्या मुक्या प्राण्यांनीं पुष्कळ सोसलें. त्यांच्या स्मरणार्थ त्याच शहरांत १९३५ सालीं कुत्र्याचें एक स्मारक उभारण्यांत आलें.

यांतून आपण व्यवहाराचा धडा घ्यावा. ज्यास दिवसभर तुकडा तुकडा मिळतो, त्यास खरी भूक लागतच नाहीं. आणि ज्यास भूक नाहीं, तो नावडतें सोडून आवडतें तेवढेंच उचलणार. शिवाय कुत्रा हुशार असतो. वाटी नाकारली कीं बिस्किट येतें, हें त्यास दोनतीन अनुभवांतच कळतें. आपण समजतों कीं आपण कुत्र्यास शिकवीत आहों. पुष्कळदां कुत्राच आपणांस शिकवीत असतो!

३. एका वहीची गोष्ट

आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरीं मोती नांवाचा गांवठी कुत्रा होता. तो भाकरीस तोंड लावीत नसे, व आठवड्यांतून एकदां तरी ओकत असे. घर घाण होई, आई त्रासून जाई, आणि "याला कोठें तरी नेऊन सोडा" अशी भाषा घरांत सुरू झाली होती. मुलाच्या डोळ्यांस पाणी आलें. परंतु रडण्यानें मोती घरांत राहणार नव्हता. वर्गांत निरीक्षणाचा पाठ नुकताच झाला होता. त्याप्रमाणें त्यानें एक वही केली, आणि चौदा दिवस मोतीच्या तोंडांत काय काय गेलें तें वेळेसह लिहिलें. घरांतील प्रत्येकानें खरें सांगावें, कोणीं कोणास रागें भरूं नये, अशी अट त्यानें सर्वांकडून कबूल करून घेतली.

वहींत जें निघालें तें पाहून घरचे सर्वच चकित झाले. पहांटे आजी चहांत बुडविलेलीं दोन बिस्किटें देई. शाळेस जातांना धाकटी बहीण तूप लावलेली अर्धी पोळी देई. दुपारीं आई वरणभाताची वाटी ठेवी, ती मोती हुंगून सोडी. तिसऱ्या प्रहरीं शेजारच्या काकू शेव टाकीत. रात्रीं वडील आपल्या ताटांतील घास भरवीत. एकाच्या देण्याची खबर दुसऱ्यास नव्हती; प्रत्येकास वाटे कीं, आपणच काय तें थोडेंसें दिलें. मोती उपाशी नव्हता. तो पांच हातांनीं जेवत होता.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची होती. ओकारी झाली ते दिवस सोमवार व मंगळवार होते. रविवारीं घरीं मटण होई, आणि उरलेली चरबी, रस्सा व शिजलेलीं हाडें मोतीच्या वाट्यास येत. रश्श्यांत तिखट, तेल, कांदा, लसूण सर्वच. "याचें पोट नाजूक आहे" असें जें म्हणत, त्याचा अर्थ एवढाच होता कीं, रविवारचा पाहुणचार त्यास सोमवारीं भोंवत होता.

मग नियम ठरला. सकाळ-संध्याकाळ ठराविक वेळीं कोमट वाटी ठेवावयाची. पंधरा मिनिटांनीं ती, खाल्लेली असो वा नसो, उचलावयाची. मधें कोणीं कांहीं द्यावयाचें नाहीं. पाणी मात्र सदैव ठेवावयाचें. पहिल्या दिवशीं सकाळीं मोतीनें वाटी हुंगून सोडली, संध्याकाळीं अर्धी खाल्ली; तिसऱ्या दिवशीं ती चाटूनपुसून स्वच्छ केली. त्याच आठवड्यांत पशुवैद्यांनीं त्यास जंतांचें औषधही दिलें. पुढील महिन्यांत ओकारी थांबली. येथें शास्त्राच्या विद्यार्थ्यानें एक प्रश्न विचारला पाहिजे: गुण आहारानें आला कीं औषधानें? दोन उपाय एकाच वेळीं केल्यामुळें तें निश्चित सांगतां येणार नाहीं. मात्र वहीमुळें रोगाचा वार कळला, आणि मोतीचें घर टिकलें, हें निश्चित.

४. नखरा कीं आजार?

वरील नियम निरोगी, मोठ्या कुत्र्यासाठीं आहे. जो कुत्रा पूर्वीं आवडीनें खात असे आणि एकाएकीं खाईनासा झाला, त्यास नखरेल म्हणणें हा अन्याय होय. दांत किडला वा मोडला असेल. गोचिडांमुळें येणारा ताप असेल. मूत्रपिंड वा यकृत बिघडलें असेल. निरोगी कुत्र्याच्या अंगाची उष्णता १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. म्हणून हातास तो गरम लागला एवढ्यावरून ताप ठरवूं नये. मोठा कुत्रा पूर्ण एक दिवस कांहींच खात नसेल, तर पशुवैद्यांस दाखवावें. लहान पिलास इतका वेळ कधींही उपाशी ठेवूं नये.

एक इशारा मुलांनीं विसरूं नये. ज्या कुत्र्यास गिळतां येत नाहीं, तोंडांतून लाळ गळते व ज्याचें वागणें बदललें आहे, त्याच्या घशांत हाड अडकलें असेल असें समजून कोणीं तोंडांत हात घालूं नये. तीं पिसाळण्याचींही लक्षणें असूं शकतात. वडील माणसांस तत्काळ सांगावें.

५. पोट वारंवार कां बिघडतें?

पुढील कारणें नेहमीं आढळतात.

जंत: पिलांस गोल जंत आईच्या पोटांतूनच, किंवा तिच्या दुधांतून येतात. चपटे जंत पिसवांमार्फत येतात. त्यांचे तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे शेपटीखालीं दिसतात. कुत्र्याचे गोल जंत मुलांच्याही शरीरांत शिरूं शकतात. यास्तव कुत्र्याशीं खेळल्यावर हात धुणें हा शिष्टाचार नव्हे, संरक्षण होय.

दूध: वय वाढतें तसें दुधांतील साखर पचविण्याची शक्ति पुष्कळ कुत्र्यांत कमी होते. ज्यास दुधानें जुलाब होतात, त्यास तें प्रेमानें पाजणें म्हणजे प्रेम नव्हे.

अन्नांतील एकाएकीं बदल: नवें अन्न द्यावयाचें तर सुमारें सात दिवस घ्यावे. प्रथम पाव भाग नवें व पाऊण भाग जुनें, मग अर्धें अर्धें, मग पाऊण भाग नवें, असें चढत जावें.

रिकामें पोट: कांहीं कुत्रे पहांटे पिवळा फेस ओकतात आणि नंतर नेहमींसारखे हिंडतात. रात्रभर पोट रिकामें राहिल्यानें पित्त जठरांत चढतें. निजण्यापूर्वीं थोडें खाणें दिल्यास पुष्कळदां हें थांबतें.

विषारी पदार्थ: कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशींचा नाश करतात. द्राक्षें, मनुके व बेदाणे यांनीं मूत्रपिंड निकामी होऊं शकतें. चॉकलेट, तसेंच साखरेऐवजीं वापरलें जाणारें झायलिटॉल हींही घातक आहेत. दिवाळीच्या फराळांतील बेदाणा लाडवांतून काढून कुत्र्यास फेंकणाऱ्या मुलानें हें वाक्य पुन्हां वाचावें. शिजलेलीं हाडें फुटून त्यांचे टोंकदार तुकडे आंतड्यांत रुततात.

६. पोट बिघडल्यास काय करावें?

कुत्र्याचें जठर नकोसें अन्न सहज बाहेर टाकतें. तो त्याचा बचाव आहे. म्हणून एखाद्या ओकारीनें घाबरूं नये. मोठा कुत्रा ओकून पुन्हां हुशार दिसत असेल, तर कांहीं तास खाणें देऊं नये; पाणी थोडें थोडें, वारंवार द्यावें. त्यानंतर मऊ भात व मीठ-मसाल्याशिवाय उकडलेली, कातडें व हाडें काढलेली कोंबडी दिवसांतून चारपांच वेळां थोडी थोडी द्यावी. दोनतीन दिवसांत नेहमींच्या अन्नावर हळूहळू यावें. हें आजारपणाचें पथ्य आहे, कायमचा आहार नव्हे. महिनोन् महिने एवढेंच दिल्यास हाडांस लागणारा चुना व इतर द्रव्यें कमी पडतात.

शरीरांतील पाणी कमी झालें आहे काय, तें पाहण्याची रीत सोपी आहे. खांद्यावरील कातडी चिमटींत धरून सोडावी. ती तत्काळ पूर्ववत् झाली तर ठीक. हळूहळू बसली, किंवा हिरड्या कोरड्या व चिकट लागल्या, तर विलंब करूं नये. माणसांचीं औषधें मुळींच देऊं नयेत. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी कुत्र्याच्या जिवावर बेतूं शकते.

ओकारींत वा शौचांत रक्त दिसलें, ओकारी थांबेना, पोट फुगलें, कुत्रा उठेनासा झाला, अथवा आजारी प्राणी लहान पिलूं असलें, तर घरगुती उपाय सोडून त्याच दिवशीं पशुवैद्य गांठावा. पिलांस रक्ताचे जुलाब होणारा पार्व्हो नांवाचा रोग १९७८ सालीं प्रथम ओळखला गेला आणि थोड्याच काळांत जगभर पसरला. त्याच्यापुढें घरच्या भाताचें कांहीं चालत नाहीं. लसीचें मात्र चालतें. ती सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून, दर तीनचार आठवड्यांनीं, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत टोंचून घ्यावी लागते.

समारोप

पालकांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, कुत्रा आणणें हा एका दिवसाचा आनंद असून त्यास नेमानें खाऊं घालणें हें दहाबारा वर्षांचें व्रत आहे. घरांत अन्न देणारा एक, वेळा दोन, आणि वाटी एक, एवढी शिस्त राखली तर पुष्कळ दुखणीं दारांतूनच परत जातील. लाडाचा तुकडा देऊंच नये असें नाहीं; तो दिवसाच्या अन्नाच्या दहाव्या हिश्शापेक्षां अधिक नसावा, आणि मागितल्याबद्दल नव्हे तर आज्ञा पाळल्याबद्दल मिळावा.

सुटींतील अभ्यास

(१) आपल्या किंवा शेजारच्या कुत्र्याचें खाणें चौदा दिवस वेळेसह लिहा. (२) पोट बिघडल्याचे दिवस तांबड्या शाईनें दाखवा, व त्यांच्या आदल्या दिवसाच्या नोंदी पाहा. (३) संशय येईल तो एकच पदार्थ बंद करा. एका वेळीं दोन बदल करूं नका. (४) काय आढळलें तें घरीं वाचून दाखवा. अनुमान चुकीचें निघालें तरी वही फाडूं नका. पशुवैद्यांस ती उपयोगीं पडेल.