पेरू ओव्हनमध्ये जाण्याआधी

नवा ओटीजी घेतलास आणि त्यात पहिल्यांदा काय करू म्हणून विचारलंस. अगं, केक काय, वर्षभर होतो. बोरिवली स्टेशनबाहेर पेरूच्या पाट्या लागल्यात, पेरू कर. पेरूच्या वाट्या करायच्या, त्यात घरी नासवलेल्या दुधाचं मऊ पनीर भरायचं आणि भाजायचं. आमच्याकडे थंडीत हे होतंच. यातलं अर्धं तुझ्या आजीचं आहे, अर्धं आय. सी. कॉलनीतल्या आमच्या ईस्ट इंडियन आंटींचं. आंटी नाताळासाठी पेरूचं चीज करायच्या. पेरूचा गर साखरेत आटवायचा, कडा सोडेपर्यंत घोटायचा, तुपाच्या ताटात थापून वड्या पाडायच्या. आजीचा हात बसलेला होता चक्क्यावर. एकीचा पदार्थ दुसरीला येत नव्हता, पण दोघींच्या तोंडी एकच वाक्य असायचं, तेच तुला सगळ्यात आधी सांगते: पाणी आधी काढ. पेरूत पाणी, पनीरमध्ये पाणी, गुळाला तर सुटतंच. हे ओव्हनबाहेर काढलं नाहीस तर पेरू भाजला जात नाही, उकडला जातो.

पेरू घेताना घाई करू नकोस. गर्द हिरवा असेल तर कच्चा, पूर्ण पिवळा असेल तर भाजताना बसतो. हिरवटपणा जाऊन सालीवर पोपटी-पिवळी झाक आलेला, देठापाशी अंगठ्याने दाबला तर जरासा दबणारा, आणि नाकाशी न नेताही वास येणारा, असा घ्यायचा. पांढऱ्या गराचा घे. गुलाबी दिसायला सुरेख, पण भाजला की बहुतेक लवकर मऊ पडतो. सरदार मिळाला तर उत्तम. त्यालाच लखनौ-४९ म्हणतात, पण निवडला गेला आपल्या पुण्यात, गणेशखिंडीच्या फळ संशोधन केंद्रात. गर जाड, बिया मधे गोळा झालेल्या, म्हणजे वाटी करायला सोपा.

कच्चे मिळाले तर वर्तमानपत्रात गुंडाळून तांदळाच्या डब्याशेजारी ठेव. फ्रीजमध्ये नको. कच्चा पेरू गारठला की नीट पिकत नाही, आणि पिकलेल्याचा वास दुधाला, लोण्याला, सगळ्याला लागतो. तुमच्या मुलुंडला आणि आमच्या बोरिवलीला नॅशनल पार्कचा डोंगर पाठीशी असल्यामुळे पहाटे कुलाब्यापेक्षा गारवा जास्त. सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ ला ७.४ अंश नोंदलेत. तसली थंडी आता नाही, पण जानेवारीत चार दिवस उत्तरेचं वारं सुटतं. त्या दिवसांत ओट्यावरचा पेरू पिकायला एरवीपेक्षा दोन दिवस जास्त घेतो. पाहुणे रविवारी असतील तर पेरू गुरुवारी आण.

आता वाट्या. चार जणांना मध्यम आकाराचे चार पेरू, म्हणजे आठ वाट्या. साल काढायची नाही, सालीनेच वाटी उभी राहते. देठापासून खालपर्यंत उभा काप. पाठीकडून चकतीएवढी साल तासून टाक, म्हणजे वाटी ट्रेमध्ये डुगडुगत नाही. चमच्याने बियांचा गोळा काढ, पण भिंत करंगळीच्या जाडीची राहू दे. आतून चिमूट चिमूट मीठ चोळ आणि पाव तास पालथ्या ठेव. ताटलीत पाणी दिसेल. ते टाक, वाट्या पुसून घे आणि रिकाम्याच, पालथ्या, १८० अंशांवर दहा मिनिटं भाज. लोक ही पायरी गाळतात आणि मग पेरूला दोष देतात. या दहा मिनिटांत वाटीचं उरलेलं पाणी जातं, गर किंचित आखडतो आणि मग भरलेलं पनीर त्याच्या पाण्यात भिजत नाही.

बिया टाकू नकोस. अर्धी वाटी पाणी घालून दहा मिनिटं उकळ आणि पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढ. जो गर येईल त्याच्या पाऊणपट साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून मंद आचेवर आटव. पेरूत पेक्टिन भरपूर, त्यामुळे वेगळं काही न घालता तो दाटतो. आंटींची खूण अशी: थेंब थंड ताटलीवर टाकायचा, ताटली तिरकी करायची, थेंब ओघळला नाही की गॅस बंद. वड्यांना लागतो तितका घट्ट करायचा नाही, चमच्यावरून पट्टीसारखा पडला पाहिजे. हा गर शेवटी वर घालायचा.

बिया निघाल्या हेच या पदार्थाचं मोठं सुख आहे. तुझ्या आजोबांना पेरू जीव की प्राण होता, पण कवळी बसल्यापासून एक बी खाली अडकली की जेवण थांबायचं. भाजलेली वाटी ते चमच्याने शेवटपर्यंत खरवडून खायचे, साल तेवढी उरायची. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याची वाटी पाच मिनिटं जास्त भाज.

दुधाकडे नीट लक्ष दे, निम्मं यश तिथे आहे. विकतचं पनीर घेतलंस तर ते भाजल्यावर रबरासारखं होतं. किसून, मळून, दोन चमचे साय घातली तर चालून जाईल, पण मी सुचवणार नाही. लिटरभर दूध घरी नासव, दीडशे ते दोनशे ग्रॅम पनीर निघतं, आठ वाट्यांना पुरतं. गाईचं दूध मिळालं तर पनीर आपोआप मऊ येतं. आपल्याकडे तबेल्याचं म्हशीचं दूध जास्त, त्याचं पनीर टणक होतं. त्यावर उपाय सोपा आहे. तापवण्याआधी लिटरला एक कप पाणी घाल. उकळी आली की गॅस बंद कर आणि पाच मिनिटं थांब. उकळत्या दुधात लिंबू पिळलंस की पनीर चिवट झालंच म्हणून समज. एका लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून चमचा चमचा घाल आणि पळी हलक्या हाताने फिरव. पाणी हिरवट आणि नितळ दिसलं की तिथेच थांब, एक थेंबही पुढे नको. मागच्या खेपेचं पनीरचं पाणी आंबवून ठेवलं असेल तर लिंबाऐवजी तेच वापर, त्याने फार छान फुटतं.

टोन्ड दुधाच्या नादी लागू नकोस. टोन्ड दूध निघालं आपल्या मुंबईतच. दारा खुरोडींनी १९४६ च्या सुमारास म्हशीच्या दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळून ते सुरू केलं, म्हणजे तेवढ्याच दुधात जास्त मुलांची पोटं भरतील. पुढे १९४९ मध्ये गोरेगावची आरे कॉलनी उभी राहिली तीही त्यांच्याच पुढाकाराने, आणि १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर त्यांना मिळाला. फार मोठं काम आहे ते. पण पनीरला स्निग्धांश लागतो. टोन्डचं पनीर कमी निघतं आणि कोरडं होतं.

नासलेलं दूध पंचात ओत, वरून गार पाणी घालून लिंबाचा आंबटपणा धुऊन टाक आणि नळाला अर्धा तास टांगून ठेव. वजन ठेवून दाबू नकोस. चक्क्याला रात्र लागते, याला तेवढं नको. सुपारीएवढा गोळा तळहातावर वळून बघ. भेगा पडल्या तर कोरडं झालं, चमचाभर दूध घाल. हाताला चिकटलं तर आणखी दहा मिनिटं टांग. गोळा गुळगुळीत झाला आणि हातावर ओलसरपणा उरला नाही की झालं. खाली गळलेलं पाणी भाकरीच्या पिठात किंवा थालीपिठात घाल.

पनीर ताटात घेऊन तळहाताच्या टाचेने पाच मिनिटं मळ. दाणा मोडला पाहिजे. मग एक मोठा चमचा दुधाची पावडर, चिमूटभर मीठ आणि थोडं जायफळ किसून. वेलची नको. मी सगळ्यात वेलची घालणारी आहे, तरी सांगते, पेरूचा वास वेलचीपुढे टिकत नाही. आंटी वर अमूलच्या चीजची अर्धी क्यूब किसायच्या. आजीला ते आधी पटलं नव्हतं, गोडात कसलं खारट म्हणून. पण पेरू आपण मीठ-तिखट लावूनच खातो ना, त्याला खारट मानवतं. आता मीही किसते.

गोडाला गूळ घ्यायचा. उसाची गुऱ्हाळं सुरू होऊन नवा गूळ याच दिवसांत येतो. चार चमचे बारीक किसलेला पुरे, वरचा गर गोड असतोच. चिक्कीचा गूळ घेऊ नकोस, तो विरघळल्यावर पुन्हा कडक होतो. आणि गूळ पनीरमध्ये मिसळायचा तो अगदी भरण्याच्या वेळी. आधी मिसळून ठेवलास तर अर्ध्या तासात पाणी सुटून मिश्रण सैल होतं, मग इतका वेळ पंचा टांगून काय मिळवलं?

भाजलेल्या वाट्या उताण्या कर, शीग लावून भर, वर चीज किस, चारोळी पसर. ओव्हन दहा मिनिटं आधीच तापलेला हवा. १८० अंश, मधली जाळी, वरचा-खालचा दोन्ही रॉड, वीस ते पंचवीस मिनिटं. शेवटची तीन-चार मिनिटं फक्त वरचा रॉड ठेव आणि तिथून हलू नकोस. आधी कडेने तपकिरी ठिपके येतात, मग मधे. मधे आले की काढ.

जुन्या सोसायट्यांच्या स्वयंपाकघरात फ्रीज-मिक्सरपुरतेच बारीक पॉइंट असतात. ओटीजीला सोळा अँपिअरचा पॉवर पॉइंट लागतो. एक्स्टेन्शन लावून भाजू नकोस, वायर तापते. इलेक्ट्रिशियन बोलावून पॉइंट काढून घे. आम्ही गोल अॅल्युमिनियमच्या ओव्हनवर काढली वर्षं, झाकणाला काच, अंश दाखवायला काही नाही. कागदाचा कपटा आत टाकायचा आणि दोन मिनिटांत तो पिवळट झाला की ओव्हन तयार. त्याआधी तर नानकटाईचे ट्रे डोक्यावर घेऊन बेकरीत जायचे लोक, दिवाळीच्या आठवड्यात रांग लागायची. लाकडाच्या भट्टीतली ती खरपूस चव विजेवर येत नाही. पण धुराचाही विचार हवाच. २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत इंधन बदलायला सांगितलं, आणि मला ते योग्य वाटतं. भट्टीशेजारच्या चाळीतली पोरं खोकत होती ती मी पाहिलीत.

ओव्हन नसलेल्या तुझ्या मैत्रिणीला सांग, जाड बुडाच्या कढईत वाटीभर जाडं मीठ पसर, त्यावर स्टँड ठेव, झाकून दहा मिनिटं तापव आणि मंद आचेवर अर्धा तास भाज. रंग कमी येईल, चव तीच.

काढल्याबरोबर वाढायचं नाही. पाव तास उघड्यावर ठेव, तेवढ्यात पनीर बसतं. मग दाटवलेला गर प्रत्येक वाटीवर चमचाभर घाल.

दुसरी फळं विचारशीलच. सफरचंद चालतं, सालीला काट्याने टोचे मार, नाहीतर फुटतं. पुरंदरचं ताजं अंजीर मिळालं तर वरून चार चिरा देऊन भर, बारा मिनिटं बास. डहाणू-घोलवडचा चिकू मुळात इतका गोड की गूळ पूर्ण वगळ आणि चक्का घे. चक्क्यात मात्र चमचाभर कॉर्नफ्लोअर घाल, नाहीतर उष्णतेने फुटून पाणी सुटतं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी भाजू नकोस, वरून कच्चीच घाल. सीताफळ आचेवर कडवट होतं, त्याला हात लावू नकोस. कच्चा अननस आणि पपई दुधाच्या पदार्थाला कडू करतात, त्यांच्यातल्या पाचक रसाने दुधातली प्रथिनं तुटतात. अननस आधी साखरेत शिजवून घेतलास तर चालेल.

आता संक्रांतीला इकडे येताना करून आणणार असशील तर ऐक. मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, मग बोरिवली लोकल, तास-दीड तास सहज जातो. भाजलेल्या गरम वाट्या डब्यात कोंडल्यास की झाकणाला वाफ धरते आणि ते पाणी परत पनीरवर पडतं. त्यापेक्षा रिकाम्या भाजलेल्या वाट्या पूर्ण गार करून एका डब्यात आण, मळलेलं पनीर दुसऱ्यात, किसलेला गूळ पुडीत आणि गर बाटलीत. भरायचं आणि शेवटचं भाजायचं इथे येऊन. माझा ओव्हन तू अंधेरीला पोचलीस की तापत ठेवते, फक्त फोन कर.