कृष्णाकांठचीं मुलें समुद्रावर

उष्ण कटिबंधांतील बेट म्हटलें, कीं आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें कोठल्या तरी दूरच्या महासागराचें चित्र उभें राहतें. नकाशा उघडून पाहिल्यास वेगळेंच दिसेल. कर्कवृत्त २३½ अंशांवर आहे. सातारा १८ अंशांच्या खालीं व सांगली १७ अंशांच्याहि खालीं. म्हणजे आपण जन्मापासून उष्ण कटिबंधांतच राहत आहों. उणीव आहे ती बेटाची, आणि ती भरून काढावयास आगबोट लागत नाहीं. सांगलीहून कोल्हापूर, गगनबावडा व वैभववाडी या वाटेनें, किंवा साताऱ्याहून कऱ्हाड व कोल्हापूर करून फोंडाघाटानें खालीं उतरून कणकवलीस यावें, व तेथून मालवण गांठावें. मालवणच्या किनाऱ्यासमोर अर्ध्या मैलाच्या आसपास जें खडकाळ बेट दिसतें, त्याचें नांव कुरटें.

या बेटावर शिवाजी महाराजांनीं २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला व १६६७ मध्यें तें पुरें झालें. तटाच्या आंत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरी असून, चहूंकडे खारें पाणी असतां त्यांचें पाणी गोड आहे. मुलांना तटबंदीहून या विहिरींचेंच अधिक नवल वाटतें, आणि तें योग्यच होय. तटाबाहेर एक लहानशी पुळण आहे. तिला राणीची वेळा म्हणतात. महाराणी ताराबाई येथें समुद्रस्नानास येत असत, असें सांगतात. ताराबाई म्हणजे कऱ्हाडजवळच्या तळबीडच्या हंबीरराव मोहित्यांची कन्या. त्यांचा अंत १७६१ सालीं साताऱ्यास झाला. ही परंपरा खरी मानली, तर कृष्णा-कोयनेच्या मुलुखांतील एका मुलीस येथें समुद्राचें पाणी नव्यानें ओळखून घ्यावें लागलें असलें पाहिजे. तीच ओळख आज आपल्या मुलांस हवी आहे.

ती नसली म्हणजे काय होतें, हें सांगणें दुःखाचें असलें तरी टाळतां येत नाहीं. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजीं मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगांवच्या सहलींतील आठ जण गेले. महिने लक्षांत घ्यावे: फेब्रुवारी व एप्रिल. पावसाळा नव्हे, रात्रहि नव्हे. आणि दोन्ही मंडळी आपल्यासारखीच घाटावरचीं.

कृष्णाकांठचीं मुलें पोहण्यास भीत नाहींत. संगम माहुलीस, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर, सांगलीच्या घाटांवर पाठीला सांगड बांधून शिकलेलीं कितीतरी मुलें आम्ही पाहिलीं आहेत. पण नदीचें पाणी एकाच दिशेनें वाहतें, आणि कितीहि मोठें असलें तरी त्याला पैलतीर असतो. समुद्राचें पाणी दिवसांतून चार वेळां दिशा बदलतें, आणि पैलतीर दिसत नाहीं. नदींतलें धैर्य जसेंच्या तसें समुद्रांत नेलें, कीं घात होतो.

भरती दिवसाकाठीं दोनदां येते, व दररोज सुमारें पाऊण तास उशिरां येते, कारण चंद्रहि रोज तितकाच उशिरां उगवतो. यावरून कोंकणांत एक सोपें गणित चालत आलें आहे: तिथीचा आंकडा पाऊणपट करावा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानानें निघते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां. मग तो शुक्लपक्ष असो वा कृष्णपक्ष. त्यानंतर सुमारें सव्वासहा तासांनीं पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत अधिक चढतें व सर्वांत अधिक उतरतें; त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार थोडा, तो भांग. घड्याळ नसलेल्या माणसांनीं चंद्रावरून काढलेलें हें शास्त्र पंचांग जवळ बाळगणाऱ्या घाटावरच्या माणसास ठाऊक नसावें, याचें आम्हांस नेहमीं आश्चर्य वाटतें.

परंतु भरती-ओहोटीहून फसवी एक गोष्ट आहे. लाटांबरोबर किनाऱ्यावर आलेलें पाणी परत जावयास वाट शोधतें, आणि वाळूंत जेथें खोलगट भाग सांपडेल तेथून अरुंद ओढ्यासारखें वेगानें समुद्राकडे धांवतें. त्या जागीं लाटा फुटत नाहींत. म्हणून दोहों बाजूंस फेंस उसळत असतां मधला पट्टा शांत दिसतो, आणि नवखीं माणसें लाटांस भिऊन मुलांसह नेमकीं तेथेंच उतरतात. पाणी गढूळ दिसत असेल, फेंस किंवा पालापाचोळा बाहेर चालला असेल, तर ती परतीची वाट समजावी. हा ओढा माणसास तळाशीं ओढीत नाहीं, फक्त दूर नेतो, आणि लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे गेल्यावर त्याचा जोर ओसरतो. बुडतो तो बहुधा त्याच्याशीं झगडून थकलेला मनुष्य. येथें मात्र नदीचें एक ज्ञान कामीं येतें: पुरांत सांपडलेला पट्टीचा पोहणारा धारेशीं भांडत नाहीं, तिरका जातो. समुद्रांतहि किनाऱ्याकडे तोंड करून झगडूं नये. किनाऱ्याला समांतर पोहत ओढ्यांतून बाजूला व्हावें, मग लाटांबरोबर परतावें. पोहतां येत नसेल त्यानें उताणें तरंगत हात वर करून हांक मारावी. आणि बुडणाऱ्यामागें आंधळेपणानें उडी घेऊं नये. दोर किंवा रिकामा डबा फेंकावा. एकामागून एक जीव जातात ते याच उडीनें.

सर्वच उष्ण बेटांवर असें असतें काय? तसें नाहीं. हिंदी महासागरांतील मॉरिशस बेटावर १८३४ पासून मजूर म्हणून गेलेल्या हिंदी लोकांत मराठी कुळेंहि होतीं. त्यांचे वंशज आज तेथें रविवारीं लेंकरांबाळांसह समुद्रावर वनभोजनास जातात. त्या बेटाभोंवतीं बहुतेक सर्वत्र प्रवाळाचा बांध आहे. महासागराच्या लाटा त्या बांधावर फुटतात, आणि आंतील पाणी तळ्यासारखें उथळ व निवांत राहतें. पण दक्षिणेस सुइयाकजवळ तो बांध तुटलेला आहे, आणि तेथील समुद्र भयंकर आहे. बेट तेंच, कटिबंध तोच, फरक बांधाचा. मालवणच्या समुद्रांतहि प्रवाळ आहे, व १९८७ पासून तेथें सागरी अभयारण्य आहे. परंतु किनाऱ्याचें रक्षण करील असा अखंड बांध नाहीं. खडक आहेत. कांहीं ठिकाणीं ते लाटा अडवितात, कांहीं ठिकाणीं भरतींत बुडून होडीचा व पायाचा घात करितात.

म्हणून सहकुटुंब जाणारांनीं बेट पाहण्यासाठीं व पाणी खेळण्यासाठीं निरनिराळा वेळ ठेवावा. किल्ल्यावर होडीनें जावें. पावसाळ्यांत ही होडी बंद असते. होडीवाले परतण्यास साधारण तासाभराचीच मुदत देतात. ती तट, विहिरी व देऊळ पाहण्यांतच जाते. राणीची वेळा डोळे भरून पाहावी, खडकांतून पाण्यांत शिरूं नये. मुलांस भिजावयाचें असेल तर मालवण गांवांतील चिवल्याची पुळण बरी. तेथील पाणी तुलनेनें शांत असतें. समुद्रांतील पोहण्याच्या स्पर्धाहि तेथें भरतात. तेथें रापण ओढली जात असेल तर मुलांना दोर धरूं द्यावा आणि रापणकरांस विचारावें, आज उतरावयाचें कोठें. त्या तळाची वाळू त्यांच्या पायांखालून रोज जाते. देवबागेस कर्ली नदी समुद्रास मिळते. देखावा रम्य आहे, पण नदीचें व ओहोटीचें पाणी एकत्र निघतें तेथें मुलांस क्षणभरहि उतरवूं नये. इतरत्रहि मुलाच्या गुडघ्यापलीकडे पाणी नको, आणि वडील माणूस हाताच्या अंतरावर हवा. वाळूवर बसून हांका मारणारा बाप उपयोगाचा नाहीं.

आतां विद्यार्थ्यांनीं एक उदाहरण सोडवावें. सांगलीचें एक कुटुंब एकादशीस मालवणांत आहे. अकराचे पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सकाळीं सव्वाआठास भरती पूर्ण, दुपारीं अडीचच्या सुमारास ओहोटी पूर्ण. सकाळीं नऊ ते दोन पाणी समुद्राकडे ओढीत राहणार. तो वेळ होडीला, किल्ल्याला व जेवणाला द्यावा. तिनानंतर पाणी हळूहळू चढूं लागेल, वाळू रुंद व ओली असेल, आणि सूर्यास्तापर्यंत तीन तास हातीं उरतील. हेंच कुटुंब षष्ठीस आलें असतें, तर त्यानें दिवस कसा आंखावा?