निषेधगीताचा गीतपट : अभ्यास व आखणी

गाण्याला चित्रांची जोड देऊन पांच-सात मिनिटांचा जो लहानसा पट तयार करितात व ज्यास हल्लीं म्युझिक व्हिडिओ असें म्हणतात, तो करण्याची हौस वरच्या वर्गांतील मुलामुलींना पुष्कळ असते. यंत्राची अडचण आतां उरली नाहीं. मोबाईल उचलला कीं चित्र निघतें. परंतु गाणें जर निषेधाचें असेल, म्हणजे एखाद्या अन्यायाविरुद्ध लोकांनीं उठविलेला तो आवाज असेल, तर यंत्र हातीं घेण्यापूर्वीं बरेंच काम करावें लागतें. तें कसें करावें हें एका प्रत्यक्ष गीतावरून दाखवावें, असा या लेखाचा हेतु आहे.

गीत आहे शाहीर अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' ही प्रसिद्ध छक्कड. अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजीं वाळवें तालुक्यांतील वाटेगांवीं झाला. लहानपणींच ते आईबापांबरोबर पायीं मुंबईस आले. शाळा त्यांना जवळजवळ लाभलीच नाहीं. पडेल तें काम करीत, गिरणींत राबत ते वाढले. सन १९४४ मध्यें त्यांनीं अमर शेख व द. ना. गव्हाणकर या शाहिरांसह 'लाल बावटा कलापथक' काढलें.

या छक्कडीमागील प्रसंग संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा आहे. मुंबईसह मराठी भाषिकांचें एक राज्य व्हावें, ही मागणी होती. २१ नोव्हेंबर १९५५ रोजीं मुंबईंत फ्लोरा फाउंटनपाशीं निदर्शकांवर गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ रोजीं मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय पंतप्रधान नेहरूंनीं जाहीर केला आणि शहर पुन्हां पेटलें. ६ फेब्रुवारीस पुण्यांत संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. १ नोव्हेंबरला गुजराथी व मराठी मुलुखांचें द्वैभाषिक राज्य आलें. बेळगांव, कारवार, निपाणी हे भाग मात्र म्हैसूर राज्यांत गेले. आज आपण ज्यास महाराष्ट्र म्हणतों तें राज्य १ मे १९६० रोजीं झालें. लढ्यांत बळी पडलेल्यांची संख्या सामान्यतः १०५ सांगतात. १०६ असाही आंकडा छापलेला आढळतो. यांपैकीं जो आंकडा पडद्यावर घालाल, तो कोठून घेतला हें वहींत लिहून ठेवा.

आतां गीत पुन्हां पुन्हां ऐका. निदान दहा वेळां तरी ऐका. पोटासाठीं मुंबईस आलेला एक गडी गांवीं राहिलेल्या आपल्या प्रियेला आठवतो. तिचें रूप, तिचा रुसवा, निघतांना तिला दाखविलेली दागिन्यांची आशा, आणि मग मुंबईंत वाट्यास आलेली बेकारी, हें सारें तो इतक्या सावकाशीनें सांगतो कीं आपण एक विरहगीतच ऐकत आहों असें वाटावें. ऐकणारा पुरता विरघळला, कीं शाहीर हेंच ताटातुटीचें दुःख उचलून फुटलेल्या महाराष्ट्रावर ठेवितो. गीताचें सगळें बळ या वळणांत आहे. म्हणून पहिल्याच चित्रांत मोर्चा, उगारलेल्या मुठी व लाठ्या दाखविणें हें, माझ्या मतें, शाहिराचा डाव त्याच्या आधींच उघड करण्यासारखें होय. वळण येईपर्यंत पडद्यावर फक्त घर, शेत, वाट आणि एक स्त्री एवढेंच असावें. तिचा चेहराही दाखवूं नये. हात दाखवावे, भात लावणारे, चूल पेटविणारे, मनिऑर्डरीच्या कागदावर अंगठा उठविणारे. सुंदर मुलगी नटवून उभी केली, कीं बघणारे तिलाच बघत बसतात.

हें गीत देशावरच्या गड्याचें आहे, तेव्हां रत्नागिरीस त्याचें चित्रण कसें शोभेल, असा प्रश्न कोणी विचारील. मला तर तें येथें अधिकच शोभेलसें वाटतें. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या जिल्ह्याचीं माणसें पिढ्यान् पिढ्या राबलीं. गडी परळ-लालबागेंत एका खोलींत दाटीवाटीनें राहत, खानावळींत जेवत. बायकामुलें व म्हातारीं माणसें गांवीं शेत राखीत. पुरुष गणपतीला किंवा शिमग्याला येई, तेवढाच संसार! पालकांपैकीं कित्येकांच्या आजीनें अशींच वर्षें काढलीं असतील. तिची हकीकत हीच तुमच्या पटाची पहिली सामग्री होय. सन १९५६ मध्यें जो मुलगा बारा वर्षांचा होता, तो आज ऐंशीच्या पलीकडे गेला आहे. तेव्हां हें विचारणें पुढच्या सुट्टीवर ढकलूं नका. काय विचारावें? निघण्याच्या दिवशीं शिदोरींत काय बांधून दिलें, पत्र कोण वाचून दाखवी, पैसे न आलेल्या महिन्यांत घर कसें चाले. "तुम्हांला कसें वाटलें?" या प्रश्नाला बहुधा "काय वाटणार!" असेंच उत्तर मिळतें.

बारीकसारीक वस्तूंची पारख करण्यांत खरी मौज आहे, आणि चुकाही येथेंच फार होतात. मुंबईस निघालेला कोंकणी गडी दाखवावयाचा म्हणून मुलें लगेच रेल्वे स्टेशनकडे धांव घेतील; पण कोंकण रेल्वे सर्व मार्गावर सुरू झाली ती १९९८ मध्यें. त्या काळीं आगबोट होती. बोट खोल पाण्यांत उभी राही, उतारूंस पडावांत बसवून तिच्यापर्यंत नेत, आणि पावसाळ्यांत तीही बंद. यामुळें तुमचा निरोपाचा प्रसंग पावसांत घेतां येणार नाहीं, मग पाऊस चित्रांत कितीही छान दिसो. आचार्य अत्र्यांचें दैनिक 'मराठा' निघालें १५ नोव्हेंबर १९५६ रोजीं. १९५५ च्या गोळीबाराची बातमी वाचणाऱ्याच्या हातीं तें दिलें तर सारा पट खोटा ठरेल. फ्लोरा फाउंटन तेव्हां होतें, शेजारचें हुतात्मा स्मारक मात्र राज्य झाल्यानंतरचें. नकाशा दाखवाल तर त्यांत सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा काढूं नका. तो १ मे १९८१ पर्यंत रत्नागिरींतच होता. जुन्या पुस्तकांची व वर्तमानपत्रांची चौकशी प्रथम आपल्या जिल्हा नगर वाचनालयांत करावी. ही संस्था १८२८ सालची आहे.

आणखी एक गोष्ट मला गंभीरपणें सांगावयाची आहे. निषेधगीतांत राग असतो, व तो असावाच; पण चित्रकार घाईंत त्या रागाला भलतें तोंड देतो. हा लढा सरकारच्या निर्णयाशीं होता, शेजारच्या गुजराथी दुकानदाराशीं नव्हे. द्वैभाषिक गुजराथ्यांनाही नकोच होतें. ऑगस्ट १९५६ मध्यें अहमदाबादेस महागुजरातसाठीं निघालेल्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पटांत पगडीवाला शेठ खलनायक म्हणून आणाल तर टाळ्या पडतील, पण वर्गांतल्या एखाद्या मुलाला मान खालीं घालावी लागेल.

आखणी अशी करावी. घड्याळ लावून प्रत्येक कडव्याची वेळ मोजा. वहीचें पान आडवें धरून चार रकाने पाडा: गीताचे शब्द, सेकंद, चित्र, आणि पुरावा. चौथा रकाना रिकामा राहिला तर तिसऱ्यांतील चित्र खोडावें, मग तें कितीही आवडतें असो. झीलकरी ओळ उचलतात तेथें चित्र बदलूं नका. ढोलकीचा ठेका जेथें तुटतो तेथें बदला. वळण आलें, कीं एकदांच जुना नकाशा दाखवा, आणि त्यावरून थेट पुन्हां त्या स्त्रीच्या हातांवर या.

परवानगीचा विचार शेवटीं केला तरी चालतो, अशी समजूत आहे, ती धोक्याची. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ रोजीं वारले. आपल्या कायद्याप्रमाणें कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षें हक्क चालतो. म्हणजे शब्दांवरील हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत आहे. गायलेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क निराळा असतो. शाळेच्या समारंभांत मुलांनीं तें गीत पालकांपुढें गावें याला कायद्याची मुभा आहे; पट करून सर्वांसाठीं प्रसृत करणें ही वेगळी बाब असून तिला लेखी संमति हवी. ज्या वृद्धांनीं हकीकत सांगितली त्यांनाही नांव घालूं कां म्हणून विचारा, आणि कोणी नको म्हटल्यास घालूं नका. अखेरच्या पाटीवर 'चित्रण : रत्नागिरी' असें ठळक लिहा, म्हणजे मिऱ्याचा किनारा कोणी वाटेगांवचा समजणार नाहीं.