इंजिनऐवजी गिअरबॉक्सचे तेल निघाले, तर?

प्रश्न : मोटारीचे इंजिन ऑइल घरीच बदलताना चुकून गिअरबॉक्सचा बोल्ट उघडला आणि नवे तेल इंजिनात भरले. गाडी अजून सुरू केलेली नाही. काय करावे?
– एक वाचक, हुपरी (जि. कोल्हापूर)

उत्तर : गाडी सुरू केली नाहीत, हे सुदैव, कारण तेलाविना गिअरचे दाते व बेअरिंग अल्पावधीत झिजून निकामी होतात, तर इंजिनातील अतिरिक्त तेल क्रँकशाफ्टने घुसळले जाऊन फेसाळते व वंगणाचा दाब ढासळतो. यास्तव तूर्त किल्लीला हातही न लावता, गाडी भक्कम टेकूंवर समपातळीत घेऊन इंजिनातील जुने-नवे मिश्रण संपूर्ण काढावे, नवा फिल्टर व वॉशर बसवून ताजे तेल भरावे आणि त्याची पातळी डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये राखावी. गिअरबॉक्समध्ये मात्र गाडीच्या पुस्तिकेत नमूद केलेलेच तेल, तीत सांगितलेल्या पातळीइतके भरावे. चांदीच्या वजनात गुंजेचीही तफावत न खपवणाऱ्या आपल्या गावाला मापाचे महत्त्व सांगणे न लगे. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते; ते गटारात न ओतता गॅरेजमार्फत अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राच्या हवाली करावे, ही आग्रहाची विनंती.